दीक्षाभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉल: शंका घेऊन जा, कोणी हाकलत नाही

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आजूबाजूला जे पुस्तकांचे स्टॉल लागतात त्यांचा रिव्ह्यू कोणी लिहीतच नाही, सगळे स्तूपाचे फोटो टाकतात आणि पार्किंगवर बोलतात, म्हणून हा लिहून राहिलो. काचीपुऱ्याकडून या नाहीतर रहाटे कॉलनीकडून, ताडपत्रीखाली टेबलं, टेबलावर गठ्ठे, आणि गर्दी इतकी की दोन पानं वाचायची तर खांदे आवळून उभं राहावं लागते. पण वाचू देतात! "पाहा दादा, वाचा, मग घ्या", मागून कितीही धक्के येवोत, पुस्तक हातातून काढून घेत नाहीत. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया पदराची गाठ सोडून नोटा मोजतात आणि नातवासाठी पुस्तक घेतात, घेताना आधी त्यातले फोटो पाहतात, मग कव्हर पदरानेच पुसून पिशवीत चादरीच्या घडीत ठेवतात. पुस्तकाला एवढं जपणारं गिऱ्हाईक मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिलं नाही.

आता घ्यायचं काय ते सांगतो. शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा खंड 11, म्हणजे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', इंग्रजी जमत नसेल तर मराठी अनुवाद जवळपास प्रत्येक स्टॉलवर असतो. मूळ पुस्तक 1957 मध्ये आलं, बाबासाहेब गेल्यानंतर. धर्मग्रंथ म्हणून लोक हे घरी ठेवतात, पण उघडलं की पहिल्याच पानांवर लेखक शंका काढून बसलेला दिसतो. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं म्हणून घर सोडलं ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो ना, बाबासाहेब विचारतात की 29 वर्षांच्या माणसाने तोपर्यंत यातलं काहीच पाहिलं नव्हतं हे पटण्यासारखं आहे का? आणि मग ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचे लोक) आणि शेजारच्या कोलियांचं भांडण, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध, असं कारण मांडतात. तुम्हाला ते पटो न पटो, पण स्वतः लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारणारा माणूस त्याच धम्माच्या सगळ्यात लाडक्या कथेला प्रश्न विचारतो हे मला फार मोठं वाटते.

त्याहून महत्त्वाची जागा पुढे आहे. बुद्धवचन खरं कुठलं हे ओळखायच्या कसोट्या दिल्या आहेत, जे तर्काला आणि बुद्धीला धरून असेल ते, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध असेल ते, आणि तिसरी कसोटी अशी की बुद्धाने विषयांचे दोन भाग केले होते, ज्यांची त्याला खात्री होती ते आणि ज्यांची नव्हती ते, खात्रीचं ठामपणे सांगितलं, दुसऱ्याबद्दल मत दिलं पण तात्पुरतं. हे वाचून मी पुस्तक मिटून तिथेच उभा राहिलो. श्रद्धेच्या बाजारात सगळंच शंभर टक्के पक्कं म्हणून विकलं जाते, इथे मात्र कुठलं पक्कं आणि कुठलं कच्चं ते लिहून दिलं आहे.

माझ्या बाजूला एक इंजिनिअरिंगचा पोरगा मित्राला सांगत होता की सायन्समध्ये कसं सगळं पक्कं असते, धर्मात मानावंच लागते. स्टॉलवाले काका गठ्ठा सोडता सोडता म्हणाले, "पक्कंच असते तर संशोधन कशाले करतात बाबू? नीरी इथून किती दूर आहे, रोज काय करून राहिले मग तिथे?" नीरी म्हणजे इथली पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था. पोरगा हसला, पण मला काकांचं शंभर टक्के पटलं.

त्याच टेबलावर खगोलशास्त्राच्या पुस्तिका होत्या, म्हणून ल वेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट आठवली. युरेनसची चाल चुकते म्हणून त्याने कागदावर हिशोब करून एक ग्रह असला पाहिजे म्हटलं, आणि 1846 मध्ये बर्लिनच्या दुर्बिणीत नेपच्यून त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. मग बुधाची चालही जरा चुकते म्हणून तसाच तर्क लावून सूर्याजवळ व्हल्कन नावाचा ग्रह मानला. लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले, काहींना दिसल्यासारखाही झाला. ग्रह नव्हताच. शंभर वर्षांत 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) एवढा तो फरक, तो 1915 मध्ये आइन्स्टाईनच्या सिद्धांताने सुटला. माणूस तोच, तर्काची पद्धत तीच, एकदा ग्रह मिळाला, एकदा नाही. आकाशात बघितल्याशिवाय कोणता तर्क खरा ते ठरलंच नसतं.

आता तक्रार. एका स्टॉलवर कालाम सुत्ताचं, म्हणजे बुद्धाने कालाम लोकांना केलेल्या उपदेशाचं, पोस्टर होतं, परंपरेने आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, फक्त स्वतःच्या बुद्धीला पटलं तर माना. छपाई सुंदर, पण मूळ सुत्त असं नाहीच! केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने एखादी गोष्ट मानायला जी दहा कारणं पुरेशी नाहीत म्हणून सांगितली त्यात नुसता तर्कही आहे, आणि 'हा श्रमण आमचा गुरू आहे' हेही आहे. पुढे कसोटी दिली आहे, हे आचरणात आणल्यावर लोभ, द्वेष, मोह वाढतो का, अहित होते का, जाणती माणसं याला नावं ठेवतात का, ते स्वतः पाहा. ही कसोटीच पोस्टरमधून गेली तर राहते काय, मला वाटते तेच खरं! मी विक्रेत्याला विचारलं हे कुठून घेतलं, तर म्हणे सगळे असंच छापतात.

आणि शंका घ्यायची तर खंड 11 वरही घ्यावीच लागेल. पुनर्जन्माच्या भागात बाबासाहेब ऊर्जा नष्ट होत नाही या विज्ञानाच्या नियमाचा आधार घेतात. आत्मा नाही हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटते, पण ऊर्जा टिकते यावरून पुनर्जन्माबद्दल फारसं काही सिद्ध होते असं मला वाटत नाही, आणि हे मी दीक्षाभूमीवर उभं राहून काकांना मोकळेपणी बोललो, त्यांनी वाद घातला, मग चहा मागवला.

खंड सकाळीच घ्या, दुपारपर्यंत बऱ्याच ठिकाणी संपतात. सुटे पैसे आणि जाड कापडी पिशवी सोबत ठेवा, खंड वजनदार आहेत. पोस्टरवाल्या भावांनो, जय भीम, पुढच्या वर्षी सुत्त पूर्ण छापा आणि खाली ते कुठल्या ग्रंथातलं आहे ते, अंगुत्तर निकाय, तिक निपात, एवढं टाका, मी दहा घेऊन जाईन.