मस जाळावा की कापून तपासावा?

तालुक्याला कॉटरीचं, म्हणजे विजेने मस जाळायचं, मशीन आल्यापासून आमच्याकडे घोड्याचा केस बांधणं, रुईचा चीक लावणं हे प्रकार मागे पडले. बिब्बा लावणारे अजून आहेत, पण त्याने कातडी कशी उतरते हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. म्हणजे वाटा उरतात दोन. एक, तालुक्यात जाऊन जाळून घ्यायचं. दुसरी, सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन कापून घ्यायचं आणि तुकडा तपासायला द्यायचा. माझ्या कानशिलावर काळा, खरखरीत उंचवटा आला होता आणि न्हाव्याचा वस्तरा लागला की त्यातून रक्त यायचं, म्हणून दोन्हींचा विचार मला करावा लागला.

सोयीच्या बाबतीत जाळणं सरळ पुढे आहे. सुई, थोडा जळका वास, मलम, आणि दुपारी माणूस परत वावरात. कापण्यात टाके येतात, ते ओले होऊ द्यायचे नाहीत, रिपोर्टसाठी परत जायचं, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत दिवसभराची मजुरी बुडवणं कोणाला परवडतं? ओपीडीच्या रांगेबद्दल मी काही बोलत नाही.

आता कातडीचा कॅन्सर ओळखण्याचं. दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या, रंग एकापेक्षा जास्त, आकार ६ मिलिमीटरच्या वर, आणि बदलत जाणं, हे पाच निकष बहुतेकांनी वाचलेले असतात. माझा अनुभव असा की आपल्या कातडीवर ते निम्मेच कामाला येतात. चाळिशीनंतर पाठीवर, कानशिलावर उठणारे ते चिकटवल्यासारखे, मेणचट-खरखरीत काळे डाग साफ निरुपद्रवी असतात, तरी पाचपैकी तीन-चार निकषांत सहज अडकतात. उलट नाकाच्या किंवा डोळ्याच्या कडेची छोटी, गोल, चकचकीत कडेची पुळी शहाण्यासारखी बसलेली दिसते, आणि तीच बेसल सेलचा, म्हणजे कातडीचाच एक, कॅन्सर निघू शकते. आपल्याकडे ती बऱ्याचदा काळपटही असते, म्हणून तीळ समजून सोडून दिली जाते. फोनवर फोटो पाठवून विचारण्याची सोय चांगली आहे, पण फोटोत खरखरीतपणा हाताला लागत नाही.

माझा निर्णय झाला तो एका साध्या उत्तरावर. तालुक्याच्या दवाखान्यात मला सांगितलं, "काकाजी, मसच आहे हा, पाच मिनिटांत जाळून देतो." मी म्हटलं, "अन् तपासाले काय पाठवसान?" तर म्हणे, "जळाल्यावर काय पाठवू जी, काही उरतच नाही."

माणूस प्रामाणिक होता, राग कशाला. पण हेच मला खटकत राहिलं. कॉटरीने गाठ जाते आणि ती काय होती हे सांगणारा पुरावाही तिच्यासोबत जातो. तो मस असेल तर प्रश्नच नाही. मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा घातक काळा कॅन्सर, असेल तर मात्र पुढचे उपचार तो किती मिलिमीटर खोल गेला यावर ठरतात, आणि वरचा भाग जळून गेल्यावर ती खोली मोजणार कशी? वर खपली धरते, महिनोन्‌महिने सगळं ठीक वाटतं. "सुरी लागली की पसरते" असं घरचेही म्हणाले. तुकडा काढल्याने कातडीचा कॅन्सर पसरत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं. मग माझा उंचवटा सबंध काढून फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला, आणि कागदावर लिहून आलं: सेबोऱ्हिक केराटोसिस, म्हणजे वर सांगितलेला तोच चिकटवल्यासारखा डाग. निरुपद्रवी. एवढ्यासाठी इतका खटाटोप, असं शेजारी म्हणाले. म्हणोत.

प्रत्येक चामखिळीसाठी नागपूर गाठावं असं माझं म्हणणं नाही. पण काही जागा अशा आहेत जिथे मी तरी मशीन लावू देणार नाही. तळपाय, तळहात आणि नखं, कारण सावळ्या कातडीत मेलॅनोमा जास्त करून तिथेच निघतो. अनवाणी चालणाऱ्याला तो काट्याचा डाग किंवा कुरूप वाटतो. नखातली काळी रेघ रुंद होत नखाच्या बुडाच्या कातडीवर उतरली, तर वाट पाहू नये. भाजल्याचा जुना व्रण पुन्हा चिघळला तर तेच. आणि कंबर. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन वयस्क बायांची प्रकरणं मांडली होती. परकराच्या नाड्याने नाहीतर घट्ट नेसलेल्या लुगड्याने वर्षानुवर्षं घासलेल्या जागी जखम झाली, आणि तिचाच कॅन्सर निघाला. आमच्याकडे अशा जखमेला हळद-तेल लावून बाया वर्ष काढतात, सांगत नाहीत. घरच्या बाईमाणसाने विचारलेलं बरं. उपाय तसा सोपा आहे: नाडा सैल, पट्टा रुंद.

महिना-दीड महिना न भरणारी जखम, किंवा आपोआप रक्त येणारी एकटी गाठ असेल, तर माझा कल कापून तपासण्याकडेच. हंगाम असला तरी.

गळ्याभोवती लोंबणाऱ्या मऊ चामखिळींची गोष्ट निराळी. डॉक्टरांनी त्या पाहिल्या, साखर तपासून घ्या म्हणाले आणि सोडून दिल्या. त्या मी नंतर तालुक्यालाच जाऊन जाळून घेतल्या, त्याच दवाखान्यात. पैसे कमी करायलाही सांगितलं, पण ते काही जमलं नाही.