रावपुऱ्यातलं माशांच्या लाइव्ह फूडचं (जिवंत खाण्याचं) दुकान, ट्युबिफेक्सचे किडे घ्यायचे तर इथून घ्या
बडोद्यात शोभेच्या माशांची दुकानं खूप आहेत पण लाइव्ह फूड नीट सांभाळून विकणारं मला तरी हे रावपुऱ्याच्या गल्लीतलं एकच सापडलं. दुकान छोटंसं, पार्किंग नाही, पण ट्युबिफेक्सचे ट्रे बघाच, पसरट ट्रे, थोडंसंच पाणी आणि वरून नळाची बारीक धार सतत चालू, किडे लालभडक आणि बोट लावलं की लगेच आखडतात. करडे पडलेले असतील, पाण्याला वास येत असेल तर कुठल्याही दुकानातून घेऊ नका, मला एका ठिकाणी तसलाच गोळा पिशवीत बांधून देत होते.

हे किडे वाढतात गटाराच्या गाळात, त्यामुळे पोटात तीच घाण आणि बॅक्टेरिया. इथले काका स्वतःहून सांगतात, "बेन, आजे ने आजे नहीं नाखता", म्हणजे आजच्या आज टाकू नका, घरी फ्रिजमध्ये पसरट डब्यात कमी पाण्यात ठेवायचे, दिवसातून दोनतीनदा पाणी बदलायचं, मेलेले काढायचे आणि दोनतीन दिवसांनी पोट रिकामं झालं की मग द्यायचे, तेही मासे लगेच संपवतील एवढेच कारण उरलेले वाळूत घुसतात आणि तिथे मेले की अमोनिया वाढतो. आपला माल खपवायचा सोडून एवढं समजावून सांगणारा माणूस मला फार आवडला. तरी धुऊन सगळे जंतू जात नाहीत, म्हणून मी मोठ्या माशांनाच देते आणि रोज नाही.

माशांच्या पिल्लांना आर्टेमियाच (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, त्याची अंडी आणून घरीच फोडायची). लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम जाडं मीठ, 28 डिग्रीच्या आसपास पाणी, एअर पंप आणि लाइट चालू, 24 ते 36 तासांत अंडी फुटतात. मग हवा बंद करून खाली एका बाजूला टॉर्च धरायचा, आर्टेमियाची जिवंत पिल्लं उजेडाकडे येतात, अंड्यांची टरफलं वर तरंगतात, ती टँकमध्ये जाऊ द्यायची नाहीत कारण माशांच्या बारीक पिल्लांच्या पोटात अडकू शकतात. गाळून गोड्या पाण्यात धुवा आणि लगेच द्या, जास्त वेळ ठेवलं की त्यांच्यातलं पोषण कमी होतं.

एक तक्रार आहे, आर्टेमियाची अंडी मोठ्या डब्यातून काढून पुडीत देतात, त्यावर तारीख नसते आणि अंड्यांना दमट हवा लागली की कमी फुटतात. सीलबंद छोटा डबा मागून घ्या, महाग पडतो पण घ्या. डासांच्या अळ्या मागितल्या तर ते ठेवतच नाहीत, डेंग्यूच्या दिवसात हे बरोबरच आहे. माझ्याकडून पाचपैकी चार. सकाळी जा, तेव्हा ट्रे नुकतेच धुतलेले असतात.