हार्वर्डचा सीएस५० एआय कोर्स : तालुक्याच्या गावातून करायचा तर

पायथॉनच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा हार्वर्ड विद्यापीठाचा हा कोर्स फुकट आहे. सात आठवडे, १२ प्रोजेक्ट. वाशीम-यवतमाळकडे तालुक्याच्या कॉलेजात बीसीए, बीएस्सी करणाऱ्यांनी तो जरूर करावा. फक्त पायथॉनमधल्या लिस्ट, डिक्शनरी, सेट आणि फंक्शनवर हात बसलेला हवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गाडी अडते.

शिकवणारे ब्रायन यू यांचं इंग्रजी सोपं आहे, पण लेक्चर लांबलचक. रोजच्या डेटा पॅकवर भरवसा न ठेवता कॉलेजच्या वायफायवर कमी रिझोल्यूशनमध्ये उतरवून घ्या. रेंज नसली तर सोबतच्या नोट्सवरही चांगलं भागतं.

खरा कस प्रोजेक्टमध्ये लागतो. फुली-गोळ्यात कधीच न हरणारा खेळाडू मिनिमॅक्सने (समोरचा त्याची सर्वात चांगली चाल खेळेल असं धरून आपली चाल निवडायची पद्धत) लिहायचा असतो. इथं हमखास बिघडतं ते असं, की पुढची चाल तपासताना मूळ पटच बदलतो आणि संगणकाच्या एका चालीत घरं भराभर भरत जातात. पट म्हणजे लिस्टच्या आत लिस्ट. साध्या कॉपीने बाहेरची लिस्ट नवी होते, आतल्या तीन ओळी जुन्याच राहतात. इथं डीपकॉपीच, म्हणजे आतल्या लिस्टसकट पूर्ण नक्कल, लागते. पेजरँकच्या, म्हणजे लिंकवरून वेबपानांचं महत्त्व मोजण्याच्या, प्रोजेक्टमध्ये ज्या पानावरून कुठंच लिंक जात नाही, ते सगळ्या पानांना जोडलेलं धरायचं. हे करायचं राहिलं की सगळ्या पानांच्या रँकची बेरीज १ येत नाही.

कोर्स कमी पडतो तो गणितात. बॅकप्रॉपगेशन (चुकीवरून न्यूरल नेटवर्कमधले आकडे सुधारत जायची पद्धत) वरवर उरकलंय, ते वेगळं वाचावंच लागेल.

न्यूरल नेटवर्कचा प्रोजेक्ट सगळ्यात मोलाचा : ४३ प्रकारच्या जर्मन वाहतूक चिन्हांचे फोटो ३० बाय ३० पिक्सेलवर आणून ओळखायचे. अचूकता तळालाच अडकली तर पिक्सेलच्या किमती २५५ ने भागल्यात का ते आधी बघा. त्यासाठी लागणारी टेन्सरफ्लो ही लायब्ररी अगदी नव्या पायथॉनवर बरेचदा बसत नाही, आणि डाउनलोड जड आहे, म्हणून आवृत्ती जुळते का ते आधी तपासा. मॉडेल साठतं ते सगळं ट्रेनिंग संपल्यावर, तेही फाइलचं नाव दिलं असेल तरच. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर लाइट जायच्या वेळा सोडून बसा.

हाच कोड पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानांच्या फोटोंवर जरूर चालवून बघा, शिकायला खूप मिळतं. मात्र ३० पिक्सेलमध्ये पानावरचे बारीक ठिपके पुसले जातात. आकार १२८ च्या आसपास न्या. कोडमध्ये ४० टक्के फोटो चाचणीसाठी कसेही उचलले जातात. एकाच झाडाचे पाच-सहा फोटो काढले असतील, तर काही ट्रेनिंगमध्ये आणि काही चाचणीत पडतात, आणि अचूकता खोटी फुगते. चाचणीसाठी दुसऱ्याच शेतातले फोटो ठेवा.