माद्रिद प्रणाली : परदेशात ट्रेडमार्क नोंदवण्याची सेवा पैसे वसूल करून देते का?

मसाले, लोणची, तयार कपडे बाहेर पाठवणाऱ्यांसाठी जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची, म्हणजे विपोची, एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याची ही सेवा कामाची आहे. फक्त ‘जागतिक ट्रेडमार्क मिळेल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विपोचं काम रजिस्टर्ड टपालासारखं आहे : अर्ज नियमात बसतो का ते पाहायचं, नोंदवायचा आणि निवडलेल्या देशांकडे पाठवायचा. हक्क द्यायचा की नाही, ते प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार १२ किंवा १८ महिन्यांत ठरवतो.

भारत ८ जुलै २०१३ पासून या व्यवस्थेत आहे. आधी भारतात अर्ज किंवा नोंदणी हवी. त्यावर एमएम२ हा फॉर्म आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीमार्फत ऑनलाइन जातो, हाताळणी शुल्क ५,००० रुपये. विपोचं मूळ शुल्क ६५३ स्विस फ्रँक, चिन्ह रंगीत असेल तर ९०३. रंगाचा आग्रह नसेल तर भारतातच चिन्ह काळं-पांढरं घ्या आणि हे २५० फ्रँक वाचवा. देशांचं शुल्क वेगळं. अमेरिका, ब्रिटन, जपान यांचे दर स्वतंत्र आहेत. विपोच्या साइटवरचा फी कॅल्क्युलेटर चांगला आहे, आधी तिथे आकडा काढा.

मालाचं वर्णन भारतातल्या अर्जापेक्षा व्यापक करता येत नाही. मालाचे क्रमांकानुसार वर्ग असतात : लोणचं वर्ग २९ मध्ये, मसाला ३० मध्ये. भारतात फक्त ३० घेतला असेल तर लोणच्याला परदेशातही संरक्षण नाही. चिन्हही हुबेहूब तेच लागतं. देवनागरी लोगोवर दुबईसाठी रोमन नाव मागता येत नाही (लिप्यंतर द्यावं लागतं, पण ती फक्त माहिती). दोन्ही रूपं हवी असतील तर भारतातच दोन अर्ज करा.

या सेवेची खरी दुखरी नस म्हणजे पहिली ५ वर्षं. या काळात भारतातला मूळ अर्ज पूर्ण किंवा अंशतः पडला तर सगळ्या देशांतली नोंदणी तेवढ्यापुरती कोसळते. आणि तो पडतो कसा? बहुतेकदा हलगर्जीपणाने. रजिस्ट्रीच्या परीक्षण अहवालाला (अर्जावरच्या आक्षेपांना) एका महिन्यात उत्तर गेलं नाही, किंवा कुणी विरोध केल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे त्याला लेखी उत्तर, दाखल झालं नाही, की अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. त्यानंतर ३ महिन्यांत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करून आंतरराष्ट्रीय नोंदणीची जुनी तारीख टिकवता येते, पण खर्च नव्याने. म्हणून शक्य तर नोंदणी झालेल्या चिन्हावरच अर्ज करा. पण भारतातल्या पहिल्या अर्जाच्या तारखेचा परदेशात फायदा (तिथेही त्याच दिवशी अर्ज केल्यासारखं धरलं जाणं) हवा असेल तर मुदत ६ महिन्यांचीच, तेवढ्यात सहसा नोंदणी होत नाही; तिथे धोका पत्करावा लागतो.

नकाराची सूचना आली की त्या देशातला वकील बहुधा लागतोच. अमेरिकेसाठी एमएम१८ हे वापराच्या इराद्याचं निवेदन सुरुवातीलाच, आणि संरक्षण मिळाल्यानंतर पाचव्या-सहाव्या वर्षादरम्यान प्रत्यक्ष वापराचं निवेदन. ते चुकलं की तिथलं संरक्षण गेलं.

तीन-चार देश असतील तर माद्रिद स्वस्त पडते. एकाच देशात विकायचं असेल तर थेट तिथेच अर्ज करा. संयुक्त अरब अमिराती २०२१ च्या डिसेंबरपासून यात आहे. नेपाळ, तैवान आणि दक्षिण आफ्रिकेसाठी मात्र वेगळा अर्जच लागतो. पुढे देश वाढवायचा असेल तर एमएम४ फॉर्म, मूळ शुल्क ३०० फ्रँक अधिक देशाचं. नूतनीकरण दर १० वर्षांनी.

नोंदणी प्रसिद्ध झाली की सरकारी वाटतील अशी फसवी बिलं ईमेलवर, टपालाने येऊ लागतात. विपोच्या माद्रिद मॉनिटर या ऑनलाइन नोंदवहीत आपल्या नोंदणीची स्थिती पाहिल्याशिवाय एकही भरू नका.