पिल्लं तळ्यात सोडली आणि पुरावाही बुडाला

गाडी दुपारी चारला यायची होती, आली रात्री साडेअकराला. उतरल्या उतरल्या ड्रायव्हरचं एकच पालुपद: "ताई, पिशव्यांतला ऑक्सिजन संपत आलाय, लवकर सोडा, नाहीतर इथेच मरतील." जिताडा माशाची तीन हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणि खेकड्याची दोन हजार पिल्लं होती. मी आणि भाऊ बॅटरीच्या उजेडात तासाभरात सगळं तळ्यात सोडून मोकळे झालो. आमची फसवणूक त्या एका तासात झाली. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते, कारण याच पद्धतीने फसलेले आणखी तिघे मला नंतर भेटले.

विक्रेत्याने आधी चार गोष्टी कबूल केल्या होत्या. खेकडा हिरवा, म्हणजे सिला सेराटा जातीचा, मोठा होणारा. पिल्लं हॅचरीतली, म्हणजे अंड्यांपासून पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातली, एकाच खेपेची आणि एकाच मापाची. पांढरा ठिपका या विषाणूच्या रोगासाठी पीसीआर, म्हणजे विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी झालेली. आणि आमच्या तळ्याच्या खारटपणाची सवय लावलेली. चारही गोष्टी खोट्या निघाल्या, आणि मोजणी खोटी निघाली ती वेगळीच.

मोजणी अशी झाली. ड्रायव्हरने खेकड्याचा पहिला खोका उघडून मोठ्याने आकडे म्हणत शंभर पिल्लं मोजून दाखवली आणि म्हणाला, बाकीचे एकोणीस खोकेही असेच. आम्ही मान डोलावली. अगदी शेवटचा खोका भावाने, केवळ त्याच्या स्वभावामुळे, स्वतः मोजला. वरच्या थरात टवटवीत पिल्लं होती, खाली ओल्या शेवाळाचा जाड थर आणि त्यात चेंगरून मेलेली. जिवंत एकसष्ट. त्यातल्या बावीस जणांची एक तरी नांगी तुटलेली होती. नांगी पुढच्या एक-दोन कातींत परत येते, हे खरं आहे. पण तोवर ते पिल्लू स्वतःला वाचवू शकत नाही. कात टाकली की अंग मऊ असतं, आणि तेव्हा शेजारचा खेकडा त्याला सोडत नाही.

सकाळी तळ्याच्या कडेला जिताड्याची पिल्लं पांढरी पडून तरंगत होती. गडबडीत एक पिशवी न उघडता शेडमध्ये राहून गेली होती. तिच्यातल्या पाण्याचा खारटपणा मोजला तर दर हजारी २९. आमच्या तळ्यात तेव्हा १२ होता. जिताडा गोड्या पाण्यातही जगतो, पण हळूहळू सवय लावली तर. एवढ्या लहान पिल्लाला एका तासात सतरा अंक खाली उतरवलं तर ते कोलमडू शकतं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्या खिशात होता. रात्री दोन मिनिटं काढली असती तर ही पिल्लं कदाचित वाचली असती.

पिशवीबद्दल आणखी एक गोष्ट, जी आधी मला कुणी सांगितली नव्हती. बंद पिशवीत पिल्लांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, त्यामुळे पाणी थोडं आम्लधर्मी होतं आणि पिल्लांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडलेल्या पिशवीत तासभर थोडं थोडं पाणी ओतत बसणंही धोक्याचं. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळतं. मग हॅचरीच्या पाण्याइतकाच खारटपणा करून ठेवलेल्या, हवा सोडलेल्या टाकीत पिल्लं काढावीत आणि तिथे सावकाश तो उतरवावा. यासाठी हॅचरीचा आकडा आदल्या दिवशीच विचारून घ्यावा लागतो, आणि पिशवी आल्यावर तो ताडून बघावा लागतो.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, खेकडे एकमेकांना खातातच. जिताडाही खातो. तुम्ही आडोसा कमी ठेवला असणार." या उत्तरावर मी गप्प बसले, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. खेकड्याच्या अळ्या झोइया या सुरुवातीच्या रूपाच्या पाच अवस्था पार करून मेगालोपा, म्हणजे खेकडा होण्याआधीचं शेवटचं रूप, झाल्या की तिथूनच एकमेकांना खायला लागतात. चांगल्या हॅचरीतही अंड्यातून निघालेल्या अळ्यांपैकी फार थोड्या खेकडा होईपर्यंत टिकतात. जिताड्याचं मोठं पिल्लू स्वतःच्या निम्म्याहून लांब भावंडाला गिळतं. दहाव्या दिवशी मी स्वतः जाळीत एक धरलं, त्याच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर लोंबत होती आणि दोन्ही मेलेली होती. एकाच मापाचं बीज दिलं असतं तर हे एवढं झालं नसतं. पण तळ्यात सोडल्यावर किती मापाचं, किती आणि कसं दिलं होतं हे कशावरून दाखवणार? या धंद्यातला फसवणारा नेमका यावरच जगतो. पिल्लू मरायला खरी कारणं इतकी आहेत की त्याचं खोटं त्यांच्यात सहज लपतं.

तपासणीचा कागद मात्र लपला नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पिल्लं दोन महिन्यांची होती. अहवालावरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. म्हणजे तपासणी झाली तेव्हा ही पिल्लं अंड्यातूनही निघालेली नव्हती. प्रयोगशाळेला क्रमांक कळवला, त्यांनी एवढंच सांगितलं की तो नमुना कोळंबीचा होता. शिक्का खरा, सही खरी, फक्त कागद दुसऱ्याच मालाचा.

मग मी स्वतः खेकड्याचे नमुने पाठवले. पांढऱ्या ठिपक्याचा विषाणू निघाला. खेकडा हा विषाणू अंगात बाळगूनही धडधाकट दिसतो, पण कोळंबीच्या तळ्यात तो शिरला तर आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत तळं रिकामं होऊ शकतं. आणि शेजारच्या तळ्यात कोळंबी होती. अहवाल हातात आला त्याच संध्याकाळी मी शेजारच्या काकांकडे जाऊन सगळं सांगितलं, तळ्याचं पाणी आत-बाहेर जाणारी आमची मोरी बंद केली, जाळी आणि बादल्या वेगळ्या केल्या. ते रागावले, आणि त्यांचा राग योग्यच होता.

आता मी पिल्लं दिवसाउजेडीच उतरवून घेते. रात्र झाली तर गाडी थांबवते, पिल्लांना टाकीत ठेवते, तळ्यात सोडत नाही. खोके मी निवडते, तीन-चार, तेही ढिगाच्या मधले आणि खालचे, आणि ते पूर्ण मोजते. ड्रायव्हरसमोर, मोबाइलवर चित्रण करत. खेकड्याचं पिल्लू पाठीवर उलटं ठेवायचं. निरोगी असेल तर ते क्षणात सरळ होतं, पाय हलवत पडून राहिलं तर घेऊ नये. माशांची पिल्लं परातीत घेऊन पाणी हाताने गोल फिरवायचं. तगडी पिल्लं प्रवाहाच्या उलट पोहतात, दुबळी मधोमध गोळा होतात. नंतर सगळी पिल्लं तीन दिवस हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, मोजून. खेकड्यांसाठी त्यात जाळीचे गुंडाळे आणि पाइपचे तुकडे. पैशाचा शेवटचा हप्ता या तीन दिवसांनंतरच द्यायचा, आणि हे आधी लिहून घ्यायचं. ज्याचं बीज चांगलं असतं तो याला हरकत घेत नाही, असा आजवरचा माझा अनुभव आहे. एक पिशवी तळ्यात न सोडता बाजूला ठेवायची, पाणी मोजायला. तपासणीच्या कागदावर नमुना कोणत्या जातीचा आणि कोणत्या तारखेचा, एवढं तरी वाचायचंच, आणि प्रयोगशाळेला स्वतः फोन करायचा.

जातीचं खोटं सगळ्यात शेवटी उघडं पडलं. एवढ्याशा पिल्लात जात नुसत्या डोळ्यांनी ओळखणं फार अवघड, आणि मी ओळखू शकले नाही. हंगामाच्या शेवटी तळं उपसलं तेव्हा दोन हजारांतले एकशे नव्वद खेकडे हाती लागले. डोळ्यांमधले दात बुटके आणि गोलसर, पायांवर जाळीदार नक्षी नाही, नांग्या लालसर. सिला ऑलिव्हेशिया, म्हणजे लहानच राहणारी दुसरी जात. माद्यांच्या पोटाखालची पट्टी रुंद, गोल आणि गडद झालेली होती. म्हणजे त्या पूर्ण वयात आल्या होत्या, आणि त्यांचं कवच जेमतेम दहा सेंटीमीटर होतं.