संगमरवराचं पॉलिश म्हणून मेण फासलं

घरातल्या संगमरवरी फरशीला पॉलिश करून घेतलं. काम संपलं तेव्हा छतावरचा दिवा फरशीत लख्ख दिसत होता. पैसे चुकते झाले, पॉलिशवाला गेला. मग रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पांढुरके पट्टे उमटू लागले. पलंगाखाली मात्र चकाकी जशीच्या तशी. संशय आला तो तिथे.

थिनरमध्ये पांढरं फडकं भिजवून एक कोपरा चोळला. फडक्यावर पिवळसर, चिकट थर आला आणि खालून निस्तेज दगड निघाला. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला, तर एकात एक अडकलेले गोल गोल चरे. म्हणजे मशीन फिरलं होतं, पण जाड नंबरचं, म्हणजे भरड पॅडचं. वरून मेण फासून गडी मोकळा.

दगडाची चकाकी घासून काढावी लागते. ५० किंवा १०० नंबरच्या डायमंड पॅडने (हिऱ्याचे कण बसवलेली घासायची चकती; नंबर जितका मोठा तितकी बारीक) सुरुवात होते, मग २००, ४००, ८००, १५००, ३०००. प्रत्येक नंबर आधीचे चरे घालवतो आणि स्वतःचे, आणखी बारीक, मागे ठेवतो. ते पुरेसे बारीक झाले की प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा परततो. मधले नंबर गाळले तर १०० चे चरे ३००० च्या पॅडने जात नाहीत, दिवसभर फिरवा. मेण ते चरे बुजवतं, म्हणून पहिल्या दिवशी फरक कळतच नाही. सगळा वेळ खातात ते मधले नंबर, आणि चोरीही तिथेच होते.

दर नंबरनंतर रबडा, म्हणजे घासताना निघालेला दगडाचा चिखल, धुऊन काढतात का, ते पाहा. जाड कण मागे राहिला तर पुढच्या पॅडखाली तोच ओरखडे पाडतो. आमच्याकडे पाणी एकदाच मारलं होतं! शेवटी ऑक्झॅलिक पावडर चोळतात, ती मात्र रीतसर पद्धत आहे. त्यावरून कुणाशी भांडू नका.

पॉलिशवाल्याला फोन केला तर साहेब म्हणाले, “तुम्ही अ‍ॅसिडने पुसलं असेल.” अ‍ॅसिडने संगमरवराची चकाकी जाते हे खरं, पण अ‍ॅसिड लागलं त्याच जागी. अ‍ॅसिड गोल चरे पाडत नाही.

पैसे देण्याआधी थिनरचं फडकं एका कोपऱ्यात फिरवा. खरं पॉलिश असेल तर दगडाला काही होत नाही. आणि माझ्यासारखी पुन्हा घासून घ्यायची वेळ आली, तर आधी सगळं मेण उतरवायला लावा, नाहीतर नवे पॅड त्यातच माखतात.