ऑनलाइन वार्धक्यशास्त्र, पदव्युत्तर पातळीवर: अकरा महिन्यांनंतर

वृद्धांच्या एका दिवसभराच्या देखभाल केंद्रात सात वर्षे काम केल्यानंतर मी वार्धक्यशास्त्राच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. त्याला आता अकरा महिने झाले आहेत. दोन सत्रे संपली असून तिसरे अर्ध्यावर आले आहे. संस्थेचे नाव मी लिहिणार नाही, कारण तक्रारीचे मुद्दे बहुतेक सर्व ऑनलाइन अभ्यासक्रमांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतील असे मला वाटते.

प्रवेशापूर्वीच एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. वार्धक्यशास्त्र आणि जराचिकित्सा हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्याला १९०३ च्या सुमारास शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी नाव दिले. दुसऱ्याचे नाव इग्नात्झ नॅशर या डॉक्टरांनी १९०९ मध्ये रूढ केले, आणि तेही बालरोगशास्त्राप्रमाणे म्हातारपणाच्या वैद्यकाचीही स्वतंत्र शाखा असावी या आग्रहातून. या पदवीने कोणी उपचार करू लागत नाही. म्हातारपण शरीरात, मनात, कुटुंबात आणि धोरणांत कसे घडते, याचा हा अभ्यास आहे. आमच्या तुकडीतील दोघे हे न समजून आले होते आणि महिन्याभरातच बाहेर पडले.

सिद्धांतांचा भाग कंटाळवाणा असेल अशी माझी खात्री होती, पण तिथेच मला आमच्या केंद्राचे वेळापत्रक सापडले. कमिंग आणि हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विलगता सिद्धांतानुसार वृद्ध माणूस आणि समाज एकमेकांपासून हळूहळू दूर होतात आणि ते स्वाभाविक असते. क्रियाशीलता सिद्धांत याच्या उलट सांगतो की, गुंतून राहण्यातच समाधान आहे. आम्ही कोणताही सिद्धांत न वाचता दुसऱ्याचे कट्टर अनुयायी होतो. सकाळी गाणी, दुपारी खेळ, आणि खिडकीपाशी एकटे बसणाऱ्या आजोबांना रोज हाताला धरून वर्तुळात आणणे, हा आमचा नेम होता. पुढे रॉबर्ट ॲचली यांचा १९८९ मधील सातत्य सिद्धांत वाचला. माणूस म्हातारपणी आपली जुनी वळणे आणि जुनी ओळख पुढे चालवत राहतो, असे तो म्हणतो. एका स्वाध्यायासाठी मी त्या आजोबांना त्यांच्या नोकरीबद्दल प्रथमच सविस्तर विचारले. ते आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन करत होते आणि गर्दी त्यांना तरुणपणीही सोसत नसे. आता केंद्राच्या सूचनाफलकावरील प्रत्येक कागद आधी त्यांच्या हाताखालून जातो. वर्तुळात ते आजही येत नाहीत आणि आम्ही ओढतही नाही.

सर्वांत जास्त उपयोग मोजमापांचा झाला. आमच्या नोंदवहीत ‘स्वतःचे सगळे करतात’ असा एक सोयीस्कर शेरा असे. सिडनी कॅट्झ यांची १९६३ ची सूची आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे या सहा गोष्टी स्वतंत्रपणे पाहते. लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची सूची फोन, खरेदी, प्रवास, औषधे, पैशांचे व्यवहार अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांकडे पाहते. सहसा आधी दुसऱ्या सूचीतील कामे निसटू लागतात, पहिलीतील नंतर. नीटनेटक्या कपड्यांत वेळेवर येणाऱ्या एका आजींच्या गोळ्या तीन आठवडे चुकत होत्या, हे आम्हाला त्यामुळेच कळले. मात्र या दुसऱ्या सूचीत एक गंमतही आहे. मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणे यांविषयी विचारलेच जात नसे. आता विचारतो तेव्हा ‘जमत नाही’ आणि ‘कधी केलेच नाही’ यांतला फरक आपणच काढावा लागतो.

औषधांवरील व्याख्यानाने तर पंधरा दिवसांतच मोल वसूल केले. नेहमी हुशारीने गप्पा मारणाऱ्या एक आजी एका सकाळी पेंगुळलेल्या आल्या आणि मधूनच असंबद्ध बोलू लागल्या. मदतनीस म्हणाली, ‘वयच झालंय आता त्यांचं.’ पण स्मृतिभ्रंश सहसा एका रात्रीत येत नाही. तासा-दिवसांत उद्भवणारा आणि कमीजास्त होत राहणारा गोंधळ म्हणजे बहुधा आत काहीतरी बिघडल्याची खूण असते, हे नुकतेच ऐकले होते. सुनेला फोन केला, तेव्हा आदल्या दोन दिवसांत सर्दीची झोप आणणारी गोळी सुरू झाल्याचे समजले. त्या प्रकारच्या जुन्या ॲलर्जीविरोधी गोळ्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, असे बीअर्स निकषांत, म्हणजे वृद्धांनी टाळायच्या औषधांच्या १९९१ पासून सुधारत आलेल्या यादीत, नमूद आहे. आजींना डॉक्टरांकडे नेले, गोळी बंद झाली आणि त्या पूर्ववत झाल्या.

आता उणिवा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे याला लागणाऱ्या वेळेवरून पडण्याचा धोका जोखणारी चाचणी मी चित्रफितीवरून शिकले आणि पहिल्या आठवड्यात सर्वांची चुकीची घेतली. ऐकू कमी येणाऱ्यांना मी वरच्या पट्टीत ओरडून सूचना देत होते. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच स्वरच हरवतात, हे दुसऱ्या विषयात पाठ केले होते, पण दोन्हींची सांगड माझ्या डोक्यात पडलीच नव्हती. भेटीला आलेल्या एका फिजिओथेरपिस्टने मला समोर उभे राहून, खालच्या पट्टीत, सावकाश बोलायला लावले, तेव्हा निम्म्या जणांची वेळ सुधारली. पडद्यावरचा शिक्षक ही चूक पाहू शकत नाही.

क्षेत्रकार्याचे तास विद्यार्थ्यानेच जुळवायचे असतात. माझे काम आधीपासून वृद्धांमध्येच असल्याने मला अडचण आली नाही, परंतु बँकेत नोकरी करणाऱ्या एका सहाध्यायाचे दोन महिने केवळ जागा शोधण्यात गेले आणि संस्थेकडून त्याला एका छापील अर्जापलीकडे काही मिळाले नाही. चर्चामंचावर दर आठवड्याला एक मत आणि दोन प्रतिसाद लिहिणे सक्तीचे आहे. त्यांतील बहुतेक लेखन गुणांसाठी होते, माझेही. आठवड्याला बारा तास पुरतील असे सांगितले होते, मला अठरा लागतात, आणि संख्याशास्त्राच्या काळात त्याहूनही जास्त.

वयावरून केल्या जाणाऱ्या भेदभावाला रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये नाव दिले. त्यावरील स्वाध्यायात संमती घेऊन स्वतःचा संवाद ध्वनिमुद्रित करायचा होता. ऐकताना मला घाम फुटला. ऐंशी वर्षांच्या निवृत्त मुख्याध्यापिकेशी मी ‘आता आपण छान बसायचं हं’ अशा सुरात बोलत होते. मी ते त्यांना ऐकवले आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं, तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता.’

प्रवेश घेणाऱ्याने संस्थेला दोनच प्रश्न विचारावेत: क्षेत्रकार्यात माझ्या कामावर प्रत्यक्ष नजर कोण ठेवणार, आणि जागा शोधून देण्याची जबाबदारी कोणाची. उत्तर लेखी घ्यावे. ज्यांचा वृद्धांशी अजून रोजचा संबंध नाही, त्यांनी आधी तीन-चार महिने कुठेतरी स्वयंसेवक म्हणून जावे आणि मगच शुल्क भरावे.